सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल सिम्युलेशनमध्ये संशोधनाची जागा कशी मिळवावी

मेकॅनिकल, सिव्हिल, एरोस्पेस किंवा मेटलर्जी शाखेतून बी.ई. अथवा एम.टेक. झालेल्या आणि पुढे पीएच.डी. करण्याचा विचार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत दोन-चार वर्षे मेशिंग (भागाचे गणितासाठी छोटे तुकडे पाडणे) आणि ॲनालिसिस केल्यावर ज्यांना सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या, आत नेमके काय चालते हे जाणून घ्यावेसे वाटू लागते, अशा सीएई (संगणकाधारित विश्लेषण करणाऱ्या) अभियंत्यांनाही ते उपयोगी पडावे. या क्षेत्रात देशात आणि परदेशात जागा सतत निघत असतात, आणि अर्जही भरपूर येतात. मात्र बरेचसे अर्ज एकाच कारणाने मागे पडतात: आपल्याला कोणकोणती सॉफ्टवेअर येतात हे अर्जदार तपशिलाने सांगतो, पण कोणत्या प्रश्नावर काम करायचे आहे आणि आपले उत्तर बरोबर आहे हे तो कसे पडताळतो, याबद्दल अवाक्षर काढत नाही. तयारीची दिशा या एका गोष्टीवरून ठरवावी.

आधी पातळी ठरवा

‘मटेरियल सिम्युलेशन’, म्हणजे पदार्थांच्या वागणुकीचे संगणकावरचे गणित, या नावाखाली एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळी अशी चार कामे येतात. पहिले काम सुट्या भागाच्या किंवा संपूर्ण रचनेच्या पातळीवरचे असून, तेथे पदार्थ सलग मानला जातो आणि फायनाइट एलिमेंट पद्धत (भाग छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, विभागून समीकरणे सोडवणे) हे मुख्य साधन असते. अणुभट्टीच्या पाइपातील वेल्ड वर्षानुवर्षे तापून का तडकतो, किंवा गाडी आदळल्यावर बंपरमागची पेटी कशी चुरडते, हे प्रश्न या पातळीवरचे आहेत. दुसरे काम धातूच्या दाण्यांच्या, म्हणजे ग्रेनच्या पातळीवरचे: पत्रा खोल ओढताना त्याच्या कडेला ‘कान’ का येतात, याचे उत्तर दाण्यांच्या दिशांमध्ये असते आणि ते क्रिस्टल प्लॅस्टिसिटीने, म्हणजे प्रत्येक दाण्याची स्फटिकरचना धरून केलेल्या गणिताने, शोधतात. तिसरे काम अणूंच्या पातळीवरचे असून तेथे मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंच्या हालचालींचे गणित) वापरतात, आणि चौथे इलेक्ट्रॉनच्या पातळीवरचे, जेथे डेन्सिटी फंक्शनल थिअरी या क्वांटम पद्धतीने इलास्टिक स्थिरांक किंवा दोषांची ऊर्जा काढली जाते.

या चारही पातळ्या जोडणारे ‘मल्टिस्केल’ काम ऐकायला आकर्षक वाटते, आणि अर्जांमध्ये तो शब्द सढळ हाताने वापरला जातो. पण सुरुवात करणाऱ्याने एकच पातळी आपली म्हणून धरावी आणि तिच्या शेजारच्या पातळीची भाषा समजेल एवढीच ओळख करून घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या विद्यार्थ्याला पहिली पातळी जवळची असते, मेटलर्जीच्या विद्यार्थ्याला दुसरी. तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवर जायचे असेल, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातून आलेल्या उमेदवारांशी स्पर्धा असते आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स व क्वांटम मेकॅनिक्स यांचा पाया नव्याने घालावा लागतो, हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

दाखवण्याजोगे काम तयार करा

अर्ज करण्यापूर्वीचे तीन-चार महिने कशावर खर्च करावेत, तर स्वतः लिहिलेल्या, लहान पण पूर्ण पडताळलेल्या दोन-तीन कामांवर. आपल्याकडे बी.ई.च्या प्रोजेक्टमध्ये अख्ख्या चेसिसचे किंवा क्रेनच्या हुकाचे ॲनालिसिस करून रंगीत चित्र छापण्याची पद्धत आहे. त्या चित्राने निवड समितीवर फारशी छाप पडत नाही, कारण ते बरोबर आहे की नाही हे खुद्द विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही.

त्याऐवजी एक साधा प्रश्न घ्यावा. मध्यभागी गोल छिद्र असलेली पातळ पट्टी दोन्ही टोकांनी ओढली, तर छिद्राच्या कडेला स्ट्रेस (दर क्षेत्रफळामागचा अंतर्गत भार) किती वाढतो? अमर्याद रुंदीच्या पट्टीसाठी किर्श यांनी १८९८ साली काढलेले उत्तर ‘तिप्पट’ असे आहे. आता छिद्राचा व्यास पट्टीच्या रुंदीच्या एक दशांश ठेवून, सममितीचा फायदा घेत पट्टीचा फक्त एक चतुर्थांश भाग मॉडेल करावा. छिद्रापासून दूरच्या, म्हणजे पूर्ण रुंदीवरच्या सरासरी स्ट्रेसशी तुलना केली, तर कमाल स्ट्रेस ३.०२ पटीच्या आसपास यायला हवा. छिद्र वजा जाता उरलेल्या रुंदीवरच्या सरासरीशी तुलना केली, तर तोच आकडा २.७२च्या आसपास येतो. हे दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर आहेत, आणि कोणता आकडा कशाच्या तुलनेत आहे हे न सांगता ‘स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन अमुक आहे’ म्हणणारा उमेदवार मुलाखतीत तिथेच अडकतो.

याच प्रश्नात पुढे चार वेगवेगळ्या मेश (एलिमेंटच्या जाळ्या) घेऊन प्रत्येक वेळी एलिमेंटचा आकार निम्मा करावा आणि चूक कोणत्या वेगाने कमी होते याचा लॉग-लॉग आलेख काढावा. तीन नोडचा (जोडबिंदूंचा) त्रिकोण आणि चार नोडचा चौकोन यांचे उतार जवळपास सारखे येतील, आठ नोडच्या चौकोनाचा उतार मात्र त्यांहून तीव्र येईल. इंटिग्रेशन पॉइंटवरचे (एलिमेंटच्या आत जेथे स्ट्रेस काढला जातो त्या बिंदूवरचे) मूल्य आणि तेथून कडेच्या नोडवर नेलेले मूल्य यांतला फरकही नोंदवावा, कारण कमाल स्ट्रेस कडेवर असतो आणि इंटिग्रेशन पॉइंट एलिमेंटच्या आत. एवढे काम दोन पानांत नीट मांडले, तर ते पन्नास पानी प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त बोलते.

दुसरे काम मटेरियल मॉडेलचे असावे. फॉन मिझेस प्लॅस्टिसिटी (धातू कायमचा कधी वाकू लागतो याचा निकष), तिच्यात रेषीय हार्डनिंग (वाकत जाताना ताकद वाढणे), आणि रिटर्न मॅपिंगने (मर्यादेबाहेर गेलेला स्ट्रेस पुन्हा मर्यादेवर आणून) स्ट्रेस अद्ययावत करणे: एवढे आधी पायथनमध्ये एका बिंदूसाठी लिहावे आणि मग ॲबॅकस या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरची यूमॅट (वापरकर्त्याने लिहिलेले मटेरियल मॉडेल) सबरूटीन म्हणून फोरट्रानमध्ये उतरवावे. सबरूटीन चालू शकली म्हणजे ती बरोबर आहे असे नव्हे. तिने परत दिलेला टॅन्जन्ट मॅट्रिक्स (स्ट्रेन, म्हणजे सापेक्ष विकृती, बदलल्यावर स्ट्रेस किती बदलतो हे सांगणारा) अचूक असेल, तर न्यूटन पद्धतीच्या शेवटच्या पुनरावृत्त्यांत रेसिड्यूअलचा, म्हणजे समीकरणांत उरलेल्या चुकीचा, घातांक दर वेळी जवळजवळ दुप्पट होत जातो, म्हणजे हजारांश, मग दशलक्षांश, मग थेट लक्षकोटीच्या हिशेबात तो खाली कोसळतो. तो प्रत्येक वेळी दहा पटीनेच कमी होत असेल, तर उत्तर कदाचित बरोबर येईल, पण टॅन्जन्ट चुकलेला आहे. रेसिड्यूअलचे आकडे मेसेज फाइलमध्ये समोरच लिहिलेले असतात, आणि तरीही ते वाचण्याची सवय फार थोड्यांना असते.

नवख्यांना हमखास छळणारी आणखी एक बाब इथेच सांगून टाकतो. ॲबॅकसच्या स्टँडर्ड सॉल्व्हरमध्ये स्ट्रेसचे घटक ११, २२, ३३, १२, १३, २३ या क्रमाने येतात आणि शिअर (सरकवणारी) स्ट्रेन इंजिनिअरिंग पद्धतीची, म्हणजे दुप्पट असते. एक्सप्लिसिट सॉल्व्हरच्या व्हीयूमॅटमध्ये शेवटच्या दोन घटकांचा क्रम २३, ३१ असा होतो आणि शिअर स्ट्रेन टेन्सर पद्धतीची असते. एकातून दुसऱ्यात कोड उचलून चिकटवला, की साध्या ओढीच्या चाचणीत सगळे बरोबर दिसते आणि शिअर आल्यावर उत्तर बिघडते. म्हणून एकाच एलिमेंटवर ओढ, दाब, शिअर आणि भार काढून घेणे अशा चारही चाचण्या करून मगच पुढे जावे.

तिसरे काम थोडे वरच्या पायरीचे आहे, आणि संशोधनाचा खरा दरवाजा तेथे उघडतो. त्याच मॉडेलमध्ये हार्डनिंगऐवजी सॉफ्टनिंग घालावे, म्हणजे ठरावीक स्ट्रेननंतर पदार्थाची ताकद कमी होऊ द्यावी. मेश बारीक केल्यावर नुकसान एलिमेंटच्या एकाच ओळीत गोळा होते, ओळ अरुंद होत जाते आणि तुटण्यासाठी लागणारी ऊर्जा शून्याकडे सरकते. भौतिकदृष्ट्या हे अशक्य आहे. समीकरणांत पदार्थाच्या स्वतःच्या लांबीचे कोणतेही परिमाण नसल्यामुळे असे घडते, आणि ते परिमाण कसे आणायचे, या एका प्रश्नावर नॉनलोकल मॉडेल, ग्रेडिएंट मॉडेल आणि फेज-फील्ड फ्रॅक्चर (भेग सलग क्षेत्र म्हणून मांडणारे) असे तीन मोठे प्रवाह उभे आहेत. फेज-फील्डचे मूळ ग्रिफिथ यांच्या १९२१च्या ऊर्जाविचारात आहे. फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी १९९८मध्ये त्याला व्हेरिएशनल रूप दिले आणि त्यानंतर तो संगणकावर चालवण्याजोगा झाला. ज्या विद्यार्थ्याने मेशवर अवलंबून राहणारे हे उत्तर स्वतः काढून पाहिले आहे, त्याला या विषयावरचा शोधनिबंध वाचताना लेखक कशासाठी धडपडतो आहे हे लगेच कळते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात

महागड्या लायसन्सअभावी कोणाचे काम अडावे अशी आज परिस्थिती नाही. ॲबॅकस आणि ॲन्सिस यांच्या विद्यार्थ्यांसाठी मर्यादित आकाराच्या मोफत आवृत्त्या मिळतात. ॲबॅकसची मर्यादा १००० नोडची आहे, जी एका एलिमेंटच्या चाचण्यांना पुरून उरते. कॅल्क्युलिक्स या मोफत सॉफ्टवेअरच्या इनपुट फाइलची धाटणी ॲबॅकससारखीच आहे. फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने कोड_ॲस्टर खुले केले आहे, अमेरिकेच्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीचे मूस आणि सँडिया प्रयोगशाळेचे, अणूंच्या पातळीवरचे लॅम्प्स हेही खुले आहेत, क्रिस्टल प्लॅस्टिसिटीसाठी डॅमास्क आहे, आणि समीकरण थेट लिहून सोडवायचे असेल तर फेनिक्स किंवा डील-टू आहे. यांपैकी कोणतेही एक निवडून त्यात खोल जावे. लिनक्स, गिट आणि पायथन यांना मात्र पर्याय नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासमंचावर कंटिन्यूअम मेकॅनिक्स, फायनाइट एलिमेंट आणि प्लॅस्टिसिटी या तिन्ही विषयांची आयआयटींतील प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत, आणि टेन्सर कच्चे असतील तर सुरुवात कंटिन्यूअम मेकॅनिक्सपासूनच करावी.

भारतातल्या वाटा

आयआयटी, आयआयएस्सी आणि एनआयटी यांच्या पीएच.डी. प्रवेशाच्या जाहिराती सामान्यतः वर्षातून दोनदा येतात: उन्हाळ्याच्या तोंडावर जुलै-ऑगस्टच्या सत्रासाठी आणि दिवाळीच्या आसपास डिसेंबर-जानेवारीच्या सत्रासाठी. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो. बहुतेक विद्यार्थी आपल्या शाखेचाच पेपर देतात, पण इंजिनिअरिंग सायन्सेसच्या एक्सई पेपरकडे या क्षेत्रातल्या उमेदवाराने जरूर पाहावे. त्यात गणिताचा १५ गुणांचा भाग सक्तीचा असून, ऐच्छिक भागांपैकी दोन निवडायचे असतात आणि त्यांना प्रत्येकी ३५ गुण असतात. सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल्स सायन्स हे दोन्ही त्या ऐच्छिक भागांत आहेत. मात्र ज्या विभागात जायचे आहे तो विभाग एक्सईचा स्कोअर स्वीकारतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी तपासावे.

विभागाच्या नावावर जाऊ नये, हा सल्ला भारतात विशेष लागू पडतो. एकाच आयआयटीत भेगांवर काम करणारे प्राध्यापक मेकॅनिकलमध्ये, सिव्हिलमध्ये, एरोस्पेसमध्ये आणि मेटलर्जीत विखुरलेले असतात. दिल्लीला अप्लाइड मेकॅनिक्स हा स्वतंत्र विभागच आहे, आणि मद्रासला तो बायोमेडिकल इंजिनिअरिंगसह एकत्र आहे. पवईत आयआयटी बॉम्बेचे हे चारही विभाग तर आहेतच, शिवाय २००८ साली सुरू झालेल्या आयआयटीबी-मोनॅश रिसर्च ॲकॅडमीमार्फत दोन्ही संस्थांची संयुक्त पीएच.डी. करता येते, आणि तिचा काही काळ ऑस्ट्रेलियात जातो.

शिष्यवृत्तीचे गणित असे की, केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३पासून लागू केलेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ संशोधकाला ४२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी यापलीकडे सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्ती आहेत, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. त्या त्या वर्षीच्या अटी आणि मुदती बदलतात, म्हणून जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांची कागदपत्रे जाहिरात येण्यापूर्वीच हाताशी ठेवावीत; दाखल्यासाठी तहसील कार्यालयात जाणारा वेळ अर्जाची मुदत विचारात घेत नाही.

थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळत नसेल किंवा ती करावी की नाही याबद्दल मन द्विधा असेल, तर प्रकल्पातील जेआरएफची (कनिष्ठ संशोधकाची) किंवा प्रोजेक्ट असोसिएटची जागा हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, इस्रोचा रिस्पाँड कार्यक्रम, डीआरडीओचे एरोनॉटिक्स मंडळ आणि अणुऊर्जा विभागाचे बीआरएनएस यांच्या अनुदानातून प्राध्यापकांना प्रकल्प मिळतात आणि त्यांवर माणसे घ्यावी लागतात. या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर एखाद्या कोपऱ्यात, अनेकदा दोन-तीन आठवड्यांच्याच मुदतीने येतात. वर्षभर असे काम केल्यावर विषय आपल्याला रुचतो का, हे कळते आणि त्याच गटात पीएच.डी.साठी नोंदणी होण्याची शक्यताही वाढते.

विद्यापीठांच्या बाहेरही हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. मुंबईत बीएआरसी आणि कल्पाक्कमला आयजीसीएआर या अणुसंशोधन केंद्रांत अणुभट्टीच्या पदार्थांचे क्रीप (सततच्या भाराने हळूहळू ताणले जाणे), फटिग (वारंवार भाराने थकणे) आणि फ्रॅक्चर (तुटणे) हे दशकानुदशके चालत आलेले विषय असून, पीएच.डी. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमार्फत होते. जमशेदपूरची नॅशनल मेटलर्जिकल लॅबोरेटरी १९५० पासून धातूंवर काम करते. पुण्यात तर थोड्या अंतरात बरेच काही आहे: पाषाणला शस्त्रास्त्रांवर काम करणारी एआरडीई, दिघीला लष्करी पूल बनवणारी आर अँड डीई (इंजिनिअर्स), गिरीनगरला डीआयएटी हे अभिमत विद्यापीठ, पॉलिमरसाठी एनसीएल, महासंगणकांसाठी सी-डॅक, आणि आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक. टीसीएसच्या पुण्यातील टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात पदार्थ आणि उत्पादन प्रक्रिया यांची एकत्रित संगणकीय रचना हा विषय बरीच वर्षे हाताळला जात आहे. इंटर्नशिपसाठी ही ठिकाणे जरूर चाचपावीत. संरक्षण आणि अणुऊर्जा संस्थांत मात्र परवानगीची प्रक्रिया लांबते, तेव्हा सहा महिने आधी पत्रव्यवहार सुरू करावा.

परदेशातल्या वाटा

जर्मनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण या विषयात तेथील संधी मोठ्या आहेत आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल गैरसमजही तेवढेच आहेत. तेथे पीएच.डी. ही बहुतांशी नोकरी असते: विद्यापीठ किंवा संशोधन संस्था टीव्ही-एल ई१३ या वेतनश्रेणीच्या पूर्ण किंवा अंशतः पगारावर संशोधक नेमते, आणि जागा निघाली की जाहिरात येते. ठरलेला ‘प्रवेशाचा हंगाम’ नसतो. पदव्युत्तर पदवी मात्र जवळजवळ नेहमीच लागते, त्यामुळे बी.ई. झालेल्याने आधी मास्टर्सचा विचार करावा. बोखुममध्ये आयसीएएमएस हे मटेरियल सिम्युलेशनचेच केंद्र आहे आणि रूर विद्यापीठात ‘मटेरियल्स सायन्स अँड सिम्युलेशन’ हा इंग्रजी मास्टर्स चालतो. श्टुटगार्टला ‘कॉमास’ हा, तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात ‘कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स’ हा मास्टर्स आहे. डॅमास्क हे सॉफ्टवेअर ज्या मॅक्स प्लांक संस्थेत घडले, ती ड्युसेलडॉर्फमध्ये आहे.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे विधान आता सरसकट खरे राहिलेले नाही. बोखुमला सत्राची किरकोळ वर्गणी भरून चालते. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येते, तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरेच अधिक शुल्क लावले आहे. विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२पासून भारतीय अर्जदारांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाच्या निकालाची वाट न पाहता ते आधीच काढून ठेवावे.

नेदरलँड्समध्येही पीएच.डी. संशोधक हा पगारी कर्मचारी असतो आणि करार साधारण चार वर्षांचा असतो; डेल्फ्ट आणि आइंडहोवन ही या विषयातली मोठी ठाणी. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागांना पगार चांगला असतो, पण एक अट डोळ्यांआड होऊ देऊ नये: नेमणुकीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. म्हणजे जर्मनीत मास्टर्स करणाऱ्याला जर्मनीतली अशी जागा बंद होते, फ्रान्समधली उघडी राहते. या सर्व जागा युराक्सेस या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. भारतात पीएच.डी. करत असतानाच काही महिने फ्रान्समध्ये काम करायचे असेल, तर रामन-चारपाक फेलोशिप त्यासाठीच आहे.

अमेरिकेची रीत वेगळी आहे. तेथे बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, अर्जाच्या मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात, आणि खर्च टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमधून भागतो. प्राध्यापकाकडे त्या वर्षी अनुदान आहे की नाही, यावर बरेच काही ठरते, म्हणून सप्टेंबरमध्येच पत्रव्यवहार करावा.

प्राध्यापकांना ई-मेल

कोणत्याही देशात अर्ज करायचा असो, निर्णय अखेर एका माणसाच्या हाती असतो आणि त्याच्यापर्यंत आपण प्रथम पोहोचतो ते ई-मेलने. ‘आदरणीय सर, मला आपल्या प्रतिष्ठित संस्थेत संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे’ असे इंग्रजीत लिहिलेले एकच पत्र शंभर जणांना पाठवण्यात काहीही हशील नाही. त्याऐवजी पत्राचा गाभा असा असावा:

“माझ्या एम.टेक.च्या प्रबंधात मी ड्युअल-फेज स्टीलच्या पत्र्यात पोकळ्या कशा वाढतात याचे द्विमितीय मॉडेल केले. नेकिंगपर्यंतचा आलेख प्रयोगाशी जुळला; त्यापुढे मेश बारीक केल्यावर तो बदलत राहिला आणि हा प्रश्न प्रबंधात सुटला नाही. आपल्या गटाच्या अलीकडच्या शोधनिबंधात ग्रेडिएंट पद्धतीने लांबीचे परिमाण आणले आहे. ते परिमाण प्रयोगातून स्वतंत्रपणे मोजता येईल का, यावर काम करण्याची माझी इच्छा आहे. सोबत दोन पानांचा परिचय आणि कोडचा दुवा जोडला आहे. येत्या सत्रात आपल्याकडे यासाठी जागा आहे का?”

पहिल्या वाक्यात काम, दुसऱ्यात त्याची मर्यादा, मग त्यांच्या कामाशी जोड, आणि शेवटी ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येईल असा एक प्रश्न. स्वतःच्या सद्गुणांचे वर्णन कुठेही नाही. असे पत्र लिहायला त्या गटाचे किमान दोन शोधनिबंध खरोखर वाचावे लागतात, त्यामुळे आठवड्याला दोन-तीनच पत्रे होतात, आणि तेवढीच पुरेशी असतात. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर एकदा नम्रपणे आठवण करावी. त्यानंतर तो विषय सोडून द्यावा. शिफारसपत्रासाठी ‘हुशार आणि मेहनती’ एवढेच लिहू शकणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा आपले काम जवळून पाहिलेले तरुण प्राध्यापक अधिक उपयोगी ठरतात.

मुलाखत

भारतातील पीएच.डी.च्या मुलाखती फळ्यावर होतात, आणि तेथे प्रबंधाच्या स्लाइडपेक्षा मूलभूत प्रश्नांना जास्त वेळ जातो. स्ट्रेस टेन्सर दिला असता मुख्य स्ट्रेस काढा. फॉन मिझेसच्या निकषावर सर्व बाजूंनी सारख्या दाबाचा परिणाम का होत नाही. प्लेन स्ट्रेस आणि प्लेन स्ट्रेन यांत कोणती गोष्ट शून्य धरली आहे. पॉइसन गुणोत्तर ०.५च्या जवळ गेल्यावर साधे एलिमेंट अवाजवी ताठ का होतात आणि त्यावर उपाय काय. चार नोडचा चौकोनी एलिमेंट वाकवताना का लॉक होतो, आणि रिड्यूस्ड इंटिग्रेशन केल्यावर अवरग्लास (एलिमेंटची खोटी, विनारोध विकृती) कोठून येतो. या प्रश्नांची उत्तरे पाठ करून भागत नाही, कारण पुढचा प्रश्न नेहमी ‘का’ असा असतो. उत्तर येत नसेल, तर जेवढे ठाऊक आहे तेथून फळ्यावर मोठ्याने विचार करत पुढे जावे. समितीला ते पाहायचे असते. ‘विषय कोणता आवडतो?’ असे विचारले जाते तेव्हा जो विषय सांगाल त्यावरच पुढची वीस मिनिटे जातात, म्हणून तो विचारपूर्वक सांगावा. युरोपातील मुलाखती व्हिडिओवर होतात आणि त्यांत स्वतःच्या कामाचे सादरीकरण मध्यवर्ती असते.

जागा स्वीकारण्यापूर्वी

जागा मिळाल्याच्या आनंदात पुढच्या चौकश्या राहून जातात. शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे आणि काम लांबल्यास पगार कोठून येईल. व्यावसायिक सॉफ्टवेअरची किती लायसन्स गटात आहेत. महासंगणकाचे तास मिळतात की रांगेत दिवस जातात. प्रयोगांचे आकडे कोणाकडून येणार आहेत, आणि त्या प्रयोगशाळेशी करार आहे की नुसते तोंडी बोलणे झाले आहे. शेवटचा मुद्दा सिम्युलेशनच्या प्रबंधाला फार जड जातो: मॉडेल तयार होते, पण त्याची पडताळणी करायला नमुने मिळत नाहीत आणि दोन वर्षे तिथेच थांबतात. कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या प्रकल्पात निष्कर्ष आणि कोड प्रसिद्ध करण्याची मुभा आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

या प्रश्नांपैकी अर्ध्यांची उत्तरे प्राध्यापक देतील. उरलेल्यांसाठी गटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलावे, आणि गटाच्या पानावरून नाव नाहीशा झालेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा माग लागत असेल, तर त्याच्याशीही. पीएच.डी. किती वर्षांत पूर्ण होते हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि ते सांगायला ते सहसा काचकूच करत नाहीत.